दुपारचं रक्त

"भर झोपेतून उठवून आनलं व माह्या देराले!" कौतिकाताई पदर तोंडाशी धरून हसत होत्या. "सुई टोचाले गावात दुसरं कोनी नवतं का?"

"घरचा माणूस आधी बसला की गाव बसतं," मी माझ्या जावेला म्हणाले आणि नवऱ्याकडे वळले. "अहो, बसा. डावा हात पुढे करा."

रमाकांत बसले. गालावर चटईचे वळ, डोळे अर्धे मिटलेले, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. खैरबोडीच्या शाळेच्या व्हरांड्यात मे महिन्याची दुपार भाजत होती आणि गाव निंबाच्या सावलीत उभं राहून माझ्याकडे संशयाने बघत होतं. नागपूरची बाई बाटल्या भरून रक्त नेते, अशी आवई उठली होती. सासरच्या गावात काम काढलं तर लोक लवकर विश्वास ठेवतील, असा माझा अंदाज होता. तो पार चुकला. लग्नाला वर्षही न झालेल्या सुनेचं कोण ऐकतं?

"या, यजमानांचं रक्त बघून घ्या," रमाकांत जांभई देत गावाला म्हणाले.

हा विनोद आमच्या दोघांतला होता. जंतू ज्याच्या अंगात घर करतो त्याला आमच्या शास्त्रात यजमान म्हणतात. नागपूरच्या घरी मी दिवसभर जंतू आणि यजमान, जंतू आणि यजमान असं घोकत बसायची आणि रमाकांत म्हणायचे, "यजमान तर मी झालो. मग जंतू कोण, ते मी बोलत नाही."

मी त्यांच्या अनामिकेला सुई टोचली, थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि मायक्रोस्कोपखाली सरकवली.

"ताई, या. आधी तुम्हीच बघा. काही दिसणार नाही, घाबरू नका. हत्तीरोगाचे जंतू दिवसा फुप्फुसात दडून बसतात आणि रात्री, माणूस झोपला की, कातडीजवळच्या रक्तात येतात. डास रात्री चावतो ना, म्हणून. दुपारचं रक्त स्वच्छ असतं. लाल ठिपके दिसतील, बस."

कौतिकाताईंनी एक डोळा मिटून दुसरा नळीला लावला. बराच वेळ त्या तशाच वाकून राहिल्या.

"इंदू," त्या म्हणाल्या, "इतं तं कायतरी वळवळून रायलं."

"केस असेल. नाहीतर धूळ."

"केस असा पयते का?"

मी त्यांना बाजूला करून बघितलं. लाल पेशींच्या गर्दीतून वाट काढत, शेपटी आपटत एक जंतू चालला होता. त्याच्यामागे दुसरा. मी काच सरकवली. तिथेही होते. जत्रेत धक्के खात माणसं बाजूला होतात तशा लाल पेशी हलत होत्या. इतके जंतू मी रात्रीच्या रक्तातही क्वचित पाहिले होते. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं आणि माझ्या मानेवर काटा आला.

"काय निघालं?" रमाकांतांनी विचारलं. त्यांची झोप पार उडाली होती.

"जंतू आहेत. हत्तीरोगाचे."

"एवढंच?" ते म्हणाले, आणि त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

एवढंच! मला त्यांचा रागच आला. माणसाला हत्तीरोगाचं नाव ऐकून हायसं वाटावं, म्हणजे त्याला याहून वाईट कशाची तरी भीती असली पाहिजे. पण गाव समोर होतं; मी काच बाजूला ठेवली. पुढच्या माणसाला बोलावलं.

तेव्हा मी नागपूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचं संशोधन करत होते. हत्तीरोगात एक विचित्र गोष्ट असते. ज्यांचे पाय सुजून खांबासारखे होतात त्यांच्या रक्तात बहुधा जंतू सापडत नाहीत. त्यांचं शरीर जंतूंशी भांडतं आणि त्या भांडणात पाय जातो. उलट ज्यांच्या रक्तात जंतू भरलेले, ती माणसं ठणठणीत हिंडतात. त्यांच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना जंतूंनी गुंगवून ठेवलेलं असतं. हे गुंगवणं कसं चालतं, दिवसा आणि रात्री त्यात काही फरक पडतो का, हे मला शोधायचं होतं. म्हणून एकाच माणसाचं दुपारचं आणि रात्रीचं रक्त हवं होतं. दुपार माझ्याकडे होती आणि रात्र हेडाऊंकडे. हेडाऊ आमचे तंत्रज्ञ, गोल पोटाचे आणि सतत चेष्टेच्या मूडमध्ये असणारे. रात्री गॅसबत्ती लावून ते व्हरांड्यात रक्त घेत आणि दुसऱ्या दिवशी उन्हं कलेपर्यंत वर्गातल्या बाकांवर घोरत.

ते उठून आल्यावर मी त्यांना काच दाखवली. कोणाची ते सांगितलं नाही.

"रात्रीची आहे ना ही?"

"आत्ताची आहे."

"मग यानं हत्तीरोगाची गोळी खाल्ली असेल. गोळी पोटात गेली की दिवसासुद्धा बाहेर येतात हे."

"नाही खाल्ली. विचारलं मी."

"तर मग रात्रपाळीवाला आहे," हेडाऊ म्हणाले. "हे बाहेरच्या घड्याळाकडे थोडंच बघतात मॅडम? यजमान झोपला की यांचा दिवस उजाडतो. एका चौकीदाराच्या रक्तात बघितलं होतं मी असं. रात्रभर जागायचा, दिवसा झोपायचा. यांनीही आपली वेळ बदलून घेतली. कोण आहे हा?"

"आमचे यजमान," मी म्हणाले.

हेडाऊंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काहीही विनोद केला नाही.

रमाकांतांना जंतू असणं यात नवल नव्हतं. त्यांचं घर तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून, लहानपण डासांत गेलेलं. नवल होतं ते वेळेचं. रमाकांत शाळामास्तर. मे महिन्याच्या सुट्टीत ते सकाळच्या चहानंतर जे आडवे व्हायचे ते संध्याकाळच्या चहालाच उठायचे. झोप हा तुमचा जोडधंदा आहे, असं मी त्यांना चारचौघांत म्हणायची. मला वाटायचं हा माणूस दोन पाळ्यांत झोपतो.

आता मी आठवू लागले. उन्हाळ्यात सगळं घर पुढच्या अंगणात झोपायचं. नवं जोडपं म्हणून आमच्या दोन बाजा मागच्या वाडीत. मी पाठ टेकली की मेले. शेवटचं जे दिसायचं ते म्हणजे कुशीवर वळून माझ्याकडे बघत असलेले रमाकांत. सकाळी डोळे उघडले की ते तोंड उघडं टाकून झोपलेले असायचे. या दोन चित्रांच्या मधल्या वेळेची खात्री मी कशाच्या जोरावर देणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना पुन्हा बसवलं.

"पुन्हा?" ते म्हणाले.

"पुन्हा."

काच कालच्यासारखीच भरलेली निघाली.

"रात्री झोप लागते ना तुम्हाला?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मस्त."

इतक्या सरळ आवाजात हा माणूस खोटं बोलतो हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आणि बोलताना ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, माझ्या पायांकडे बघत होते. त्या दुपारी मी कितीतरी लोकांची बोटं टोचली, पण कोणाचं नाव काय होतं ते मला आठवत नाही. एकच आठवतो. सुकरू मेश्राम. तळ्यात जाळी टाकणारा, उन्हाने काळाठिक्कर पडलेला म्हातारा.

"बाई, एक गोठ सांगू का जी?" रक्त देऊन झाल्यावर तो उठेना. "मास्तरले रात्रीचं तळ्यावर नका जाऊ देऊ."

"मास्तर रात्री तळ्यावर जातात?"

"मी जाळी पाहाले जातो न. पाळीवर असते मास्तर. दोन-तीन डाव पायलं." त्याने मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते बघितलं. "एकटा नसते जी. संग एक बाई असते. केस मोकळे सोडलेली. थे म्होरं म्होरं चालते, हा मांगं मांगं."

मी सुई बशीत ठेवली.

"कोण बाई? गावातली?"

"गावातली असती तं खाली पाहून चालली असती. पाळीवर गोटे हायेत, काटे हायेत. थे कुठीच पायत नाई. समोर पाहून सीदी चालते पान्याकडं." म्हातारा घुटमळला. "एक डाव मी हाक मारली, मास्तर म्हनून. तं मास्तरनं अस्सं केलं."

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"आसरा हाये थे," सुकरू म्हणाला. "आमी पान्यातले लोक, आमाले समजते."

माणसाला पाण्यात ओढणाऱ्या आसरा-बिसरा माझ्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. मी शास्त्र शिकलेली बाई. माझ्या डोक्यात दुसरंच शिरलं आणि ते आसरांपेक्षा वाईट होतं. मी घरी गेले. रमाकांत माजघरात गाढ झोपले होते. घामाने उशी ओली झालेली, डोळ्यांखाली काळं. मला त्यांना गदगदा हलवावंसं वाटलं. ते न करता मी परसात गेले. कौतिकाताई राखेनं भांडी घासत होत्या.

"ताई, लग्नाआधी यांचं गावात कोणाशी काही होतं का?"

ताईंचा हात थांबला. "कोन म्हनते असं?"

"कोणी म्हणत नाही. मी विचारते."

"सुकऱ्यानं सांगतलं न तुले?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मले पोळ्यापासून ठावं हाये. तवाबी तुमी दोघं आले होते. मी एक डाव रात्री पानी प्याले उठली, तं तुमच्या दोन्ही बाजा रिकाम्या. मनात म्हनलं, नवं नवं लगन हाये, गेले असतीन फिराले. मंग सुकऱ्याच्या बायकोनं आयकवलं. आता मी सात गोट्याइले शेंदूर लावून आली तळ्यावर. म्हनलं बाई हो, पोराले सोडा आमच्या. त्याची बायको शिकलेली हाये, तिले हे समजत नाई, पन तिचं कुकू राहू द्या."

मी एवढी चिडले होते की त्या बोलण्यातलं एक वाक्य माझ्या कानावरून तसंच निघून गेलं. दोन्ही बाजा रिकाम्या. ते मला नंतर आठवलं.

त्या संध्याकाळी मी पक्कं ठरवलं. आज रात्री झोपायचं नाही, डोळे मिटून पडायचं आणि हा माणूस उठला की मागे जायचं. शिवाय त्याचं रात्रीचं रक्त घ्यायचं. दुपारी भरलेलं रक्त रात्री रिकामं निघालं की मग बोलायला जागा उरणार नाही. आईशप्पथ सांगते, मी दोन कप काळा चहा प्याले. बाजेच्या दोरीची गाठ पाठीला रुतेल अशी पडले. रमाकांत नेहमीसारखे माझ्याकडे तोंड करून वळले.

"झोप," ते म्हणाले.

आणि उजाडलं होतं. चिमण्या ओरडत होत्या, ताई सडा टाकत होत्या, रमाकांत तोंड उघडं टाकून झोपले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तोंड न धुता शाळेत गेले. वाटेत डाव्या हाताचं एक बोट ठसठसत होतं. दोरीचं कुसळ गेलं असेल म्हणून मी ते चोखलं.

हेडाऊ त्या दिवशी झोपले नव्हते. रात्रीच्या काचा मांडून बसले होते आणि मला बघून उभे राहिले. एरवी ते उभे राहत नसत.

"मॅडम, माझं काही चुकलं का?"

"का हो?"

"नाही, काल रात्री तुम्ही एक शब्द बोलल्या नाही. मला वाटलं रागावल्या."

"काल रात्री कुठे?"

"इथेच की." ते गोंधळले. "तुम्ही आल्या, या खुर्चीवर बसल्या, बोट पुढे केलं. मी म्हटलं, तुमचंही घ्यायचं का? तुम्ही नुसत्या बत्तीकडे बघत. म्हटलं असेल बुवा, तुलनेसाठी. टोचलं तर हूं नाही की चूं नाही. मग उठल्या आणि चालायला लागल्या. चप्पल नव्हती पायात, तेही मी बोलणार होतो. पण साहेब तुमच्या मागे उभे होते. त्यांनी मला असं केलं."

हेडाऊंनी ओठांवर बोट ठेवलं.

मी डावा हात उलटा केला. अनामिकेच्या टोकाला एक बारीक लाल टिंब होतं. भोवती रक्ताची वाळलेली कड. सुईचं टिंब मी ओळखते. जन्मभर तेच केलं आहे. ते टिंब माझ्या बोटावर होतं आणि ते तिथे आलं तेव्हा मी तिथे नव्हते.

"केस मोकळे होते माझे?" मी विचारलं.

"हो मॅडम."

मी त्याच खुर्चीवर बसले.

"साहेबांचंही घेतलं मी," हेडाऊ हळूच म्हणाले. "तुम्ही उठायच्या आत त्यांनीच बोट पुढे केलं. हे बघा. त्यांचं रात्रीचं रक्त एकदम स्वच्छ आहे. आणि तुमच्यात काही नाही. काळजी करू नका."

मी दुपारी घरी गेले. रमाकांत झोपलेले होते. मी त्यांच्या उशाशी बसले आणि पंख्याने वारा घालत राहिले. ताईंनी दोनदा दारातून डोकावून बघितलं. लग्न झाल्यापासून त्यांच्या झोपेवर टोमणा न मारता त्यांना झोपू द्यायची ती माझी पहिलीच वेळ होती. उन्हं कलली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मी बोट त्यांच्यासमोर धरलं.

ते उठून बसले.

"हेडाऊंना मी थांबवायला हवं होतं," ते म्हणाले. "पण बोललो असतो तर तू जागी झाली असतीस."

"केव्हापासून?"

"लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून. तसं मला आधीच माहीत होतं. बाबांनी सांगितलं होतं."

"कोणाच्या बाबांनी?"

"तुझ्या. लग्न ठरलं त्या दिवशी मला गच्चीवर नेलं. म्हणाले, मुलगी रात्री उठते. तिला हे माहीत नाही, आम्ही कळू दिलं नाही. जमत असेल तर हो म्हणा. नसेल तर आम्ही कारण विचारणार नाही."

मला आठवलं, रात्री झोपताना आई माझ्या पायाला तिच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधून दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला बांधायची. तू पलंगावरून पडतेस, असं सांगायची. मी कॉलेजात जायला लागले तरी बांधायची आणि मला त्यात कधीही काही वावगं वाटलं नव्हतं. सगळ्या आया बांधत असतील, असं धरून मी मोठी झाले. त्या दोघांचा मला त्या दुपारी इतका संताप आला की तो आजही पुरता उतरलेला नाही.

"मला उठवायचं तरी," मी म्हणाले.

"एकदा उठवलं. तू मला ओळखलं नाहीस. असा आवाज काढलास की..." ते थांबले. "माझ्या हातावर ओरखडे होते, मी मांजर म्हणालो होतो, आठवतं? ते मांजर नव्हतं. दाराला कुलूप लावून पाहिलं, तर डोकं आपटायला लागलीस. चालू दिलं की शांत असतेस. मग मी चालू देतो. मागे राहतो. परत आल्यावर तुझ्या पायातले काटे निघाले की नाही बघतो."

"मी जाते कुठे?"

"पाण्याकडे. नागपुरात मागच्या गल्लीतल्या विहिरीकडे जायचीस, तिला जाळी आहे. इथे तळं आहे."

घरात कुठेतरी ताई कोणाला तरी हाक मारत होत्या. अंगणात लख्ख ऊन होतं. मला विचारायचं नव्हतं आणि मी विचारलं.

"तिथे मी काय करते?"

"पाणी घोट्यापर्यंत आलं की थांबतेस. मागे न बघता मला विचारतेस, 'आलं का?'"

"काय आलं का?"

"ते मला माहीत नाही, इंदू. मी उलट विचारलं तर तुला ऐकू जात नाही. मी फक्त म्हणतो, 'अजून नाही.' मग तू वळतेस आणि घरी येऊन झोपतेस."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत तर?"

रमाकांतांनी माझा हात हातात घेतला. दिवसाढवळ्या, दार उघडं असताना, त्यांच्या घरात असं कोणी करत नसे.

"पहिल्यांदा इथे आलो तेव्हा मी गप्प राहिलो होतो," ते म्हणाले. "तेव्हा तू पुढे चालायला लागलीस."

मी रडले. मला माझीच भीती वाटत होती आणि त्याहून जास्त या माणसाची दया येत होती. महिनोन्महिने तो माझ्यामागून अनवाणी फिरत होता आणि मी त्याला आळशी म्हणत होते.

"एखाद्या रात्री तुम्हाला झोप लागली तर?"

"लागत नाही," ते म्हणाले. भूक नाही म्हणावं तितक्या साधेपणाने.

गोळ्या माझ्याच पेटीत होत्या. ज्याच्या रक्तात जंतू सापडेल त्याला गोळ्या सुरू करायच्या, हा आमचा नियम. त्या दिवशी मी पेटीला हात लावला नाही. तुम्हाला हे वेडेपणाचं वाटेल, पण मला त्या जंतूंचा आधार वाटू लागला होता. माझा नवरा खोटं बोलू शकत होता, माझे आईबाप बोलले होते, माझं स्वतःचं शरीर मला फसवत होतं. सरळ बोलणारे तेवढेच होते. ते यजमानाची झोप बघून वागत आणि काचेवर येऊन खरं ते सांगत. ते मेले की रमाकांत रात्री झोपले की जागे राहिले हे मला कोण सांगणार?

पण ते माझ्या नवऱ्याच्या अंगात होते. आज ना उद्या त्याच्या शरीराने त्यांच्याशी भांडण काढलं असतं आणि पाय गेला असता. दुसऱ्या दिवशी मी गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

"ताप येईल थोडा," मी म्हणाले. "जंतू मरताना येतो."

"मरू देत," ते म्हणाले आणि पाण्याबरोबर गिळून टाकल्या.

शिबिराच्या शेवटच्या दुपारी मी त्यांना पुन्हा व्हरांड्यात बसवलं. कौतिकाताईंनी हट्टाने पहिला डोळा लावला. "काईच नाई," त्या म्हणाल्या. "लाल लाल ठिपके हायेत नुसते." त्यांच्या मते हे शेंदराचं काम होतं आणि मी वाद घातला नाही. मी बघितलं. रक्त स्वच्छ होतं.

"आता तुम्ही रात्री झोपता की नाही, मला कळायचं नाही," मी रमाकांतांना हळूच म्हणाले.

ते हसले. "तेच बरं," म्हणाले, आणि सदऱ्याची बाही खाली करत घराकडे गेले.

नागपूरला परतल्यावर मी डॉक्टरांना दाखवलं. औषधं घेतली, अजून घेते. वय वाढलं की हे आपोआप थांबतं, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही पाण्यापासून लांब, तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. मुलं झाली, मोठी झाली, गेली. अधूनमधून मी विचारत आले, "मी उठते का हो अजून?" रमाकांत म्हणतात, "छे, कधीचंच थांबलं ते." मी विचारते, "तुम्ही झोपता ना?" ते म्हणतात, "मस्त." त्यांच्या या 'मस्त'वर विश्वास ठेवायला मी कष्टाने शिकले. माझी झोप अजून दगडासारखी आहे आणि ते आता निवृत्त झाले आहेत, सकाळच्या चहानंतर आडवे होतात. म्हाताऱ्या माणसाला दिवसा झोप येतेच, असं मी स्वतःला सांगत असते.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी त्यांच्या अंगावर पडलेलं ऊन अडवायला खिडकीचा पडदा ओढत होते. पडद्याच्या कड्या वाजल्या. रमाकांतांनी डोळे उघडले नाहीत. फक्त हात थोडा उचलला, समोर कोणी तरी पाठमोरं उभं असावं तसा, आणि अगदी मऊ, सवयीच्या आवाजात म्हणाले, "अजून नाही."

मी काहीच विचारलं नव्हतं. पडदा हातात धरून मी तशीच उभी राहिले, कड्या पुन्हा वाजू नयेत म्हणून. त्या दिवशी चहा खूप उशिरा टाकला.